रतनवाडीचा एक दिवस: वाटेतले थांबे, रतनगड आणि जलाशयाकाठचा मुक्काम

मुंबई किंवा ठाण्याहून पहाटे निघून वाटेत थोडे थांबत रतनगड चढायचा आणि रात्री भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी तंबूत राहायचे, असा बेत आखताना बहुतेक जण निघण्याच्या वेळेपासून हिशेब मांडतात. माझ्या मते तो सूर्यास्तापासून मागे मोजावा. डिसेंबर-जानेवारीत या भागात सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि डोंगरांच्या कुशीत अंधार त्याहून लवकर दाटतो. म्हणून पाच वाजता तंबूच्या जागी असणे, त्यासाठी चारपर्यंत गड उतरून पायथ्याच्या रतनवाडी गावात येणे आणि त्यासाठी दुपारी दीडला गडावरून परत फिरणे आवश्यक आहे. चढाईला साधारण तीन तास लागतात आणि माथ्यावर तासभर तरी हवा, त्यामुळे नऊच्या सुमारास पायथा सोडावा लागतो, म्हणजेच ठाणे पहाटे चार वाजताच मागे टाकावे लागते.

ही योजना ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळासाठी आहे. पावसाळ्यात ओढ्यांना अचानक पाणी येते, गडावरच्या शिड्या निसरड्या होतात आणि धुक्यात वाट चुकण्याचा धोका असतो. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजवे पाहण्यासाठी येथे मोठी गर्दी होते. तो प्रवास वेगळा, त्याची शिस्तही वेगळी.

जाताना थांबे मोजकेच ठेवावेत. कसारा घाट अंधारात चढावा लागतो, तेव्हा घाटात कुठेही गाडी उभी करू नये. पहिला खरा थांबा घोटीला घ्यावा. येथे चहा-नाश्ता उरकावा, इंधनाची टाकी भरावी आणि रोख पैसे जवळ आहेत ना, ते पाहावे. पुढच्या गावांत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे नकाशाही येथेच उतरवून घ्यावा. घोटी सोडल्यावर बारी गावाजवळ कळसूबाईचे शिखर समोर येते. १६४६ मीटर उंचीचे राज्यातले हे सर्वोच्च शिखर सकाळच्या तिरप्या उन्हात पाहण्यासाठी पाच-दहा मिनिटे जरूर थांबावे. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण आणि रंधा धबधबा मात्र परतीसाठी राखून ठेवावेत, कारण सकाळी तेथे गेलेला तास पुढे शिड्यांवरच्या घाईत भरून काढावा लागतो. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती जपून ठेवावी.

रतनवाडीत गाडी लावल्यावर अमृतेश्वराचे दर्शन घ्यावे. या प्राचीन शिवमंदिराच्या बाह्य भिंतींवरचे कोरीवकाम आणि जवळची पुष्करणी निवांतपणे पाहण्याजोगी आहे. पुढे वाट प्रवरेच्या पात्रालगत जाते आणि नदी अनेकदा ओलांडते. रानात शिरल्यावर एका ठिकाणी कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या दिशेने जाणारी वाट फुटते आणि नवखे लोक तेथेच फसतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गावातला वाटाड्या सोबत घ्यावा. त्याला वाट तर ठाऊक असतेच, शिवाय गावाच्या हाताला चार पैसे लागतात. माणशी तीन लिटर पाणी पायथ्यापासूनच न्यावे.

कड्याखालच्या लोखंडी शिड्या हा या चढाईतला नाजूक भाग आहे. शिडीवर एका वेळी एकानेच चढावे, पाठीवरच्या पिशवीला बाहेर काही लटकवू नये आणि उतरताना तोंड कड्याकडेच ठेवावे, कारण पाठ टेकवून उतरणाऱ्याची पिशवी पायरीत अडकते आणि त्याचा तोल पुढे जातो. शिड्यांनंतर गणेश दरवाजा लागतो. माथ्यावरचे नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक, चुकवू नये: तेथे बसल्यावर वारा अंगावर आदळतो आणि अलंग, मदन, कुलंग हे किल्ले व कळसूबाई यांची रांग डोळ्यांसमोर उभी राहते. पण दीड वाजला की नेढे राहिले असले तरी खाली वळावे.

मुक्कामासाठी रतनवाडी, मुरशेत किंवा पांजरे येथील गावकऱ्यांच्या तंबूतळांपैकी एखादा आधी ठरवून ठेवणे उत्तम. तेथे शौचालय आणि गरम पिठलं-भाकरी मिळते. स्वतःचा तंबू असल्यास जमीनमालकाची परवानगी घेऊनच तो उभारावा. पाण्याच्या अगदी कडेचा मऊ गाळ टाळावा, त्यावर गाडी तर मुळीच नेऊ नये. थोडी उंच, खडे काढलेली जागा निवडून तंबूचे दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला करावे. खुंट्या तंबूच्या उलट दिशेला कलत्या ठोकाव्यात, म्हणजे ताण पडला तरी त्या उपटत नाहीत. थंडी कितीही असली तरी वरची झडप थोडी उघडी ठेवावी. ती बंद केल्यास श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमून पहाटे अंगावर टपकते. तंबूत शेगडी किंवा निखारे कधीही नेऊ नयेत. अभयारण्यातले लाकूड तोडू नये; शेकोटी हवी असल्यास यजमान सांगतील त्याच जागी, त्यांच्याकडून घेतलेल्या सरपणावर पेटवावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी. जलाशयात पोहायला उतरू नये, काठापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो.

मोठ्याने गाणी लावणे हा या ठिकाणी सरळसरळ अन्याय आहे. शेजारी गावात माणसे झोपलेली असतात आणि रानातल्या जनावरांनाही त्याचा त्रास होतो. कचऱ्याची पिशवी रात्री बाहेर न ठेवता गाडीत ठेवावी, आणि ती घोटीपर्यंत परत न्यावी.

सकाळी तंबूवर दव असते. ऊन चढून कापड सुकेपर्यंत घडी घालू नये. ओला गुंडाळलेला तंबू बुरशी धरतो. नाइलाजाने तसाच बांधावा लागला, तर घरी पोहोचताच गच्चीवर पसरून वाळवावा. तळावर तंबू सुकेपर्यंत निवांत न्याहारी करावी आणि मग धरणाजवळच्या शेंडी गावामार्गे धरण पाहून रंध्याकडे वळावे. धरणातून पाणी सोडलेले असेल तरच तेथे प्रवरा जोमाने कोसळताना दिसते, म्हणून वाट वाकडी करण्याआधी शेंडीत चौकशी करून घ्यावी.