हार्ट सर्जरी आणि कमी हिमोग्लोबिन: या चुका टाळा

ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा होते ती ब्लॉकेज किती टक्के आणि व्हॉल्व्ह कोणता बसवायचा याची. त्याच फाईलमध्ये हिमोग्लोबिन १०.५ असं छापलेलं असतं, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर हृदयशस्त्रक्रियेला येणाऱ्या बऱ्याच रुग्णांना आधीपासूनच रक्तक्षय असतो. ऑपरेशननंतर किडनीवर ताण येणं, जंतुसंसर्ग होणं, हॉस्पिटलमधला मुक्काम लांबणं, मृत्यूचा धोका, हे सगळं अशा रुग्णांमध्ये जास्त दिसतं. यात एकट्या हिमोग्लोबिनचा दोष नसतो. किडनीचा जुना आजार किंवा पोटातला छुपा रक्तस्राव त्यामागे दडलेला असू शकतो. म्हणूनच आकडा वाढवायची घाई करण्याआधी तो का घसरला हे विचारायला हवं.

‘थोडंसंच तर कमी आहे’

पुरुषांमध्ये १३ च्या खाली आणि स्त्रियांमध्ये १२ च्या खाली हिमोग्लोबिन गेलं की रक्तक्षय, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या. एरवी ११ वर माणूस आरामात वावरतो. ऑपरेशनदरम्यान हृदय-फुप्फुसांचं काम सांभाळणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर मात्र हिशेब बदलतो. मशीनच्या नळ्या आधी साधारण एक ते दीड लिटर द्रवाने भरलेल्या असतात आणि तो द्रव रुग्णाच्या रक्तात मिसळतो. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या अंगात रक्त असतं जेमतेम सव्वातीन लिटर. त्यात १.३ लिटर द्रव मिसळला तर ११ चं हिमोग्लोबिन ८ च्या खाली येतं, तेही रक्त वाहून जाण्याआधीच. धिप्पाड पुरुषाला तेवढाच द्रव सहज झेपतो. लहान चणीच्या स्त्रियांना रक्त चढवावं लागण्याची शक्यता जास्त असते, त्याचं हे एक मोठं कारण. स्त्रियांसाठीही ऑपरेशनपूर्वीची मर्यादा १३ च धरावी, असं अनेक तज्ज्ञ म्हणतात आणि मला ते पटतं.

त्यामुळे तारीख ठरते त्याच दिवशी फेरिटिन (लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह), बी-१२ आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम) या तपासण्यांबद्दल विचारा. हाताशी काही आठवडे असतील तर लोहाची कमतरता शिरेतून लोह देऊन बरीच भरून काढता येते. वेळ कमी असला तरी प्रयत्न वाया जात नाही. झुरिकमध्ये ५०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑपरेशनच्या अगदी आदल्या दिवशी लोह, एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं हार्मोन), बी-१२ आणि फॉलिक ॲसिड दिलं गेलं, तेवढ्यानेही रक्त चढवण्याची गरज कमी झाली. अर्थात तातडीचं ऑपरेशन हिमोग्लोबिनसाठी अडवून धरायचं नसतं.

‘दोन बाटल्या चढवा, प्रश्न मिटेल’

ही मागणी डॉक्टरांपेक्षा नातेवाइकांकडूनच जास्त येते. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं. पण बाहेरचं रक्त म्हणजे ॲलर्जी, फुप्फुसात पाणी साचणं, असे धोकेही आलेच. ट्रिक्स-३ या २०१७ च्या मोठ्या चाचणीत सुमारे ५,००० रुग्णांपैकी एका गटाला हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, दुसऱ्या गटाला ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूमध्ये ९.५ च्या खाली जाताच. मृत्यू, हार्ट ॲटॅक, पक्षाघात, डायलिसिस या बाबतींत पहिला गट मागे पडला नाही. त्याआधी २०१५ मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या टायटर-२ चाचणीत मात्र रक्त देताना हात आखडता घेतलेल्या गटात तीन महिन्यांतले मृत्यू थोडे जास्त होते. तेव्हा ७.५ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. छातीत दुखतंय का, बीपी टिकतंय का, रक्तस्राव चालू आहे का, हे बघूनच निर्णय होतो. आठ-साडेआठ हिमोग्लोबिन असलेल्या, स्थिर रुग्णाला रक्त देत नाहीत म्हणजे हयगय होतेय असं नाही.

फेरिटिन ‘नॉर्मल’ बघून निर्धास्त होणं

ऑपरेशननंतर शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असतो आणि दाहात फेरिटिन वाढतं. साठा रिकामा असला तरी रिपोर्ट चांगला दिसतो. अशा वेळी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली आहे का ते बघायचं. याच दाहामुळे हेपसिडिन हे लोहाचं शोषण रोखणारं हार्मोन वाढतं आणि आतड्यातून लोह शोषलं जात नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्यांचा फारसा गुण येत नाही, तो यामुळे.

गोळी चालू आहे, पण आकडा हलत नाही

आधी गोळी कशाबरोबर घेता ते तपासा. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम हे सगळे लोहाची वाट अडवतात. ॲसिडिटीची गोळीही त्यात भर घालते, पण ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना ती पोटाच्या रक्षणासाठी दिलेली असते, स्वतःहून बंद करू नका. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावर लगेच लोह थांबवणं हीसुद्धा चूकच. साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात.

लोहाने शौच काळसर होते, ते चालतं. डांबरासारखी चिकट, दुर्गंधी येणारी काळी शौच मात्र पोटातल्या रक्तस्रावाची खूण असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पालेभाज्यांचा मारा

कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेला आणि वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला रुग्ण ‘रक्त वाढावं’ म्हणून अचानक रोज ताटभर हिरव्या भाज्या खाऊ लागला तर त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) घसरतो. व्हॉल्व्हवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. भाज्या बंद करायच्या नाहीत, फक्त प्रमाण रोज सारखं ठेवायचं.

‘अशक्तपणा आहे, होईल बरा’

घरी आल्यावर हिमोग्लोबिन हळूहळू चढायला हवं. चढता चढता ते उतरू लागलं, तर टॉनिक बदलून उपयोग नाही. लघवी गडद आणि डोळे पिवळसर असतील तर व्हॉल्व्हच्या कडेने गळती होऊन तांबड्या पेशी फुटत असू शकतात. एलडीएच आणि हॅप्टोग्लोबिन या रक्ततपासण्या आणि इको यांतून ते कळतं. दम लागत असेल तर छातीत किंवा हृदयाभोवती पाणी साचलंय का तेही बघावं लागतं, सगळं खापर हिमोग्लोबिनवर फोडू नका. आणि व्हॉल्व्ह बदललेल्या माणसाला ताप, वजन घटणं आणि रक्तक्षय एकत्र दिसले, तर व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यायलाच हवी. अशा वेळी घरात उरलेली अँटिबायोटिक सुरू करू नका, आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) जाऊ द्या. एक-दोन डोस पोटात गेले तरी कल्चरमध्ये जंतू सापडेनासे होऊ शकतात.