कॅमेरे लावायचेत? आधी राऊटरचं बघा

मागच्या पावसाळ्यात नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या घराच्या पोर्चमधून पुतण्याची सायकल गेली. पोर्चवर कॅमेरा होता. त्या रात्री लाईट गेली तरी तो चालूच राहिला, कारण वायरमनने त्याला इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतलं होतं. सकाळी मोबाईलवर बघतो तर २ वाजून १० ते २ वाजून ५० या वेळात काहीच नाही. राऊटर टीव्हीच्या बोर्डावर होता आणि तो बोर्ड इन्व्हर्टरवर नव्हता. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकायचंही राहून गेलेलं. कॅमेऱ्याने चोराला नीट पाहिलं असणार, पण पाहिलेलं पोचवायचं कुठे, हे त्याला कळलं नसेल.

त्यानंतर आत्याच्या पंचवटीतल्या घराचं काम माझ्याकडे आलं. ती दोन महिने पुण्याला मुलाकडे जाणार होती, घर बंद राहणार होतं आणि वायफायवर चालणारे चार कॅमेरे लावायचे होते. या वेळी कॅमेऱ्याआधी राऊटरचा विचार केला. तोच क्रम इथे सांगतो.

दुकानात जायच्या आधी कागद-पेन घ्या आणि घराचा ओबडधोबड नकाशा काढा. कॅमेरे कुठे येणार त्या जागी फुल्या मारा, इंटरनेटची वायर घरात कुठून येते ते दाखवा, आणि दोन्हींच्या मध्ये कसल्या भिंती आहेत ते लिहा. नुसतं ‘तीन भिंती’ लिहून भागत नाही. चार इंची विटेची भिंत वेगळी आणि जुन्या घराची दीड फुटी भिंत वेगळी. सळयांचा स्लॅब, पत्र्याची शेड, लोखंडी कपाट, भला मोठा आरसा, भरलेली पाण्याची टाकी हे सगळे वायफायचे वैरी आहेत. धातू लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं.

मग फोनवर वायफायची ताकद आकड्यात दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या आणि सध्याचा राऊटर चालू ठेवून प्रत्येक फुलीवर जाऊन उभे राहा. फोन कॅमेरा जिथे बसणार त्याच उंचीवर धरा, म्हणजे बऱ्याचदा स्टुलावर चढावं लागेल. आणि दारं लावून घ्या. दिवसा सगळी दारं उघडी असताना मोजायचं आणि रात्री दारं बंद झाल्यावर कॅमेरा ऑफलाईन का जातो म्हणून डोकं धरायचं, हा घोळ मी स्वतः घातलेला आहे. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत निवांत. उणे ७० च्या खाली गेला की चित्र अडखळायला लागतं आणि उणे ८० ला कॅमेरा लावणं म्हणजे भिंतीला शोभेची वस्तू लावणं.

आत्याकडे पुढच्या दारात उणे ५८ आला, गच्चीच्या जिन्यात ६६, अंगणात ६२ आणि मागच्या बोळात ८१. राऊटर आणि बोळ यांच्या बरोब्बर मध्ये तिचं लोखंडी कपाट. म्हटलं, हे दोन फूट सरकवू. तर ती म्हणाली, “कपाटाला हात लावायचा नाही. त्याच्यामागे भिंतीला ओल आलीये, ती मला बघायची नाही.” मग कपाट तिथेच राहिलं आणि राऊटर हलवला. मधल्या खोलीत, फळीवर, साधारण सात फुटांवर. बोळातला आकडा ७४ वर आला. तेवढ्यानेही भागणार नव्हतं, त्याचं पुढे सांगतो.

एक लांबचा कॅमेरा कमकुवत असला तर त्याचा त्रास त्याच्यापुरता राहत नाही. वायफायवर एका वेळी एकच जण बोलतो. ज्याचा सिग्नल क्षीण तो सावकाश बोलतो, म्हणजे तेवढंच चित्र पाठवायला जास्त वेळ अडवून धरतो. रेशनच्या रांगेत खिडकीशी एक जण सुट्टे पैसे मोजत उभा राहिला की मागचे सगळे खोळंबतात, तसं. म्हणून सर्वात वाईट आकडा असलेल्या फुलीचा बंदोबस्त आधी करायचा.

आता इंटरनेटचा वेग. प्लॅनवर १०० एमबीपीएस लिहिलेलं असतं ते आपण डाउनलोडचं समजून वाचतो. कॅमेऱ्याचं काम उलट आहे, तो पाठवतो. त्यामुळे अपलोड किती ते बघा, तेही रात्री नऊच्या सुमारास, जेव्हा अख्खी गल्ली मोबाईलवर असते. फुल एचडी कॅमेऱ्याला साधारण २ ते ४ एमबीपीएस लागतात. चार कॅमेरे सतत क्लाउडवर पाठवायचे तर ८ ते १६ झाले. फायबरवर हे सहज निघतं. सिमकार्डवरच्या राऊटरवर मात्र अपलोड तोकडा पडतो आणि डेटाही उडतो: २ एमबीपीएस सतत म्हणजे दिवसाला एका कॅमेऱ्याचे जवळजवळ २२ जीबी. चार कॅमेऱ्यांचे महिन्याला २६०० जीबी. म्हणून रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावरच ठेवा आणि इंटरनेट फक्त बघण्यापुरतं आणि सूचनांपुरतं वापरा. १२८ जीबीच्या कार्डात पाच-सहा दिवस मावतात, मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या. साधं कार्ड सततच्या लिहिण्या-पुसण्याने लवकर मान टाकतं.

एवढं झाल्यावर खरेदी. मी महात्मा गांधी रोडवर गेलो. दुकानदाराने आधी सहा अँटेनांचा खेकडा काढून ठेवला. “साहेब, पूर्ण बंगला कव्हर होतो.” अँटेना मोजू नका, खोक्यावरचा आकडा फोडा. ‘एसी १२००’ हा वायफायच्या दोन फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांच्या वेगाचा ढोबळ एकत्रित आकडा असतो, २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७. ‘एएक्स १५००’ घेतलात तरी २.४ वर तेच ३००, वाढ सगळी ५ वर. आणि घरगुती वायफाय कॅमेरे बहुतेक २.४ वरच चालतात, कारण त्या लहरी भिंतीतून जास्त आत जातात. त्यातून अशा साध्या कॅमेऱ्याला अँटेना एकच, त्याची राऊटरशी जोडणी फार तर ७२ एमबीपीएसची. तेव्हा ज्या आकड्यासाठी दुकानदार दुप्पट पैसे मागतो त्याला कॅमेरा हातही लावणार नाही. घरात लॅपटॉप, टीव्ही असतील तर महागडा घ्या, जरूर घ्या. पण कॅमेऱ्यांसाठी म्हणून घेतोय असं मनाला सांगू नका. दीड ते तीन हजारांत काम होतं.

दुकानात विचारायचे प्रश्न मी फोनमध्ये लिहून नेले होते. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला वेगवेगळी नावं देता येतात का? काही राऊटर दोन्ही एकाच नावाखाली मिसळतात आणि तो पर्याय बंदच करू देत नाहीत. अशा वेळी कॅमेरा पहिल्यांदा जोडताना घाम फुटतो, कारण फोन ५ वर असतो आणि कॅमेऱ्याला ५ दिसतच नाही. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं का? ठराविक उपकरणाला ठराविक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा नंबर, बांधून देता येतो का? डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ या वायफायच्या सुरक्षेच्या जुन्या-नव्या पद्धती दोन्ही एकत्र ठेवता येतात का? नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुने कॅमेरे दारातूनच परत जातात. आणि कंपनी सॉफ्टवेअरचे अपडेट अजून देते का? हे दुकानदाराला विचारू नका, कंपनीच्या साइटवर मॉडेलचं नाव टाकून शेवटच्या अपडेटची तारीख बघा. तीन वर्षांपूर्वीची असेल तर तो राऊटर तिथेच ठेवून या.

केबलवाल्याने दिलेला फायबरचा डबा फेकू नका, तो लागतोच. आपला राऊटर त्याच्या मागे जोडायचा आणि डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करायचं, नाहीतर दोघं एकाच खोलीत एकमेकांवर ओरडत बसतात.

बोळातल्या ७४ चं काय केलं? लोक इथे भिंतीच्या प्लगात खोचायचा रिपीटर घेतात. तो ऐकतो आणि तेच पुन्हा सांगतो, तेही बहुधा एकाच रेडिओवर, म्हणून वेग निम्मा होतो. त्यापेक्षा वायर टाका. मी फळीपासून स्वयंपाकघरापर्यंत कॅट ६ केबल ओढली आणि टोकाला एक जुना राऊटर अ‍ॅक्सेस पॉईंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं इंटरनेट तिथे वायफायवर पसरवायला, लावला. बोळात उणे ५५. केबल १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते, पण शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असते आणि वाकवली की तुटते. नवीन बांधकाम चालू असेल तर मी तर म्हणेन वायफायचे कॅमेरे घेऊच नका. प्लास्टरच्या आधी पाईप टाकून घ्या आणि केबलवरूनच वीज घेणारे कॅमेरे लावा. आत्याच्या दीड फुटी भिंती फोडायची माझी हिंमत नव्हती, एवढंच.

आता लाईट. फायबरचा डबा, राऊटर आणि तो दुसरा अ‍ॅक्सेस पॉईंट, तिन्ही बॅकअपवर हवेत. एक जरी सुटला तरी साखळी तुटली. अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरात व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुतेक १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर. त्याप्रमाणे राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडवर लाईट जाताना एक क्षणभर खंड पडतो, पंख्याला तो कळत नाही पण राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यात दोन-तीन मिनिटं जातात. कॅमेऱ्यांचंही बघा. काही कॅमेरे दिवसा छान चालतात आणि अंधार पडला की सारखे बंद-चालू होतात. अंधारात त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त लागते, आणि लांबलचक बारीक यूएसबी वायरीतून ती पुरत नाही. अशा वेळी राऊटरला शिव्या देऊन उपयोग नाही, वायर जाड आणि आखूड करा. जयभवानी रोड आणि देवळालीकडे बिबट्याच्या धास्तीने लोकांनी कंपाउंडच्या टोकाला कॅमेरे लावलेत, तिथे हे फार दिसतं.

बसवायच्या दिवशी शिडीवर चढायच्या आधी सगळे कॅमेरे टेबलावर ठेवून जोडून घ्या. वायफायचं नाव इंग्रजीत, साधं, बिनस्पेसचं. चित्रविचित्र चिन्हांवर काही कॅमेरे अडतात. जुना राऊटर बदलताय तर नाव आणि पासवर्ड अक्षर न् अक्षर जुनेच ठेवा, म्हणजे आधीचे कॅमेरे आपोआप येऊन जोडले जातात आणि चार वेळा शिडी लावावी लागत नाही. अर्थात जुना पासवर्ड मोबाईल नंबर असेल तर ही सवलत विसरा आणि शिडी लावा. २.४ चं चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जे मोकळं ते, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ‘ऑटो’वर ठेवलं तर राऊटर अधूनमधून चॅनल बदलतो आणि एखादा कॅमेरा मागे राहतो.

राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिला बदलायचा बहुतेक सगळे विसरतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे असे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड एकामागून एक लावून बघत. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या उपकरणांच्या फौजेने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडकवून ठेवल्या. म्हणून तो बदला, यूपीएनपी (उपकरणांना राऊटरमधून बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा आणि ‘पोर्ट उघडून देतो, बाहेरून बघता येईल’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. कॅमेऱ्याचं स्वतःचं अ‍ॅप त्याशिवाय चालतं. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा. पंचवटीत तर ठेवाच. २०२७ चा सिंहस्थ येतोय, आत्याकडे २०१५ मध्ये सतरा माणसं उतरली होती, आणि आताचा पाहुणा चहाच्या आधी वायफायचा पासवर्ड मागतो.

कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीत जात नाही ना, हे चित्र बघूनच ठरवा.

सगळं लागल्यावर रात्री दारं लावा, मेन स्विच पाडा आणि बाहेर ओट्यावर जाऊन फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर चारही कॅमेरे बघा. अर्धा तास तसंच राहू द्या. मग मेन चालू करा आणि सगळे आपणहून परत येतात का बघा. आमच्याकडे पहिल्या वेळी अंगणातला आला नाही. त्याला पत्ता बांधून द्यायचा राहिला होता आणि तोच पत्ता आत्याच्या टीव्हीने घेतला होता. एवढंच दुरुस्त केलं आणि पुन्हा मेन पाडला. आत्या अंधारात देवघराशी निरांजन लावून बसली होती, म्हणाली, “अजून किती वेळा?”

तिसऱ्यांदा चारही आले. ती पुण्याला जाऊन तेरा दिवस झालेत. रोज सकाळी मी रात्री दोन ते तीनचं रेकॉर्डिंग भरभर ओढून बघतो. बोळात एक मांजर येते, पावणेतीनच्या आसपास.