सहकाऱ्याचा तास कसा पाहावा आणि नंतर काय बोलावे

वर्गात कुणी तास पाहायला आले की जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला आधी शेरेबुक, म्हणजे तपासणाऱ्याने शेरा लिहायची वही, आठवते. टाचण, म्हणजे पाठाच्या तयारीची लेखी नोंद, काढले आहे का, फळ्यावर पट आणि हजेरी लिहिली आहे का, वह्या तपासल्या आहेत का. ही तपासणी झाली. तिची गरज असेलही, पण पाहणारा निघून गेल्यावर शिक्षकाच्या हातात 'अध्यापन समाधानकारक' एवढेच उरते आणि त्यावरून उद्याच्या तासात काय बदलायचे हे काही कळत नाही.

सहकाऱ्याला खरी मदत करायची तर काम छोटे ठेवावे. त्याच्या वर्गात बसून जे घडले ते लिहायचे, त्यातली एकच गोष्ट दोघांनी मिळून निवडायची आणि आठवड्याच्या आत पुन्हा जाऊन तीच गोष्ट पाहायची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. त्यातले बहुतेक तास प्रशिक्षणात, शिक्षण परिषदेत आणि ऑनलाइन कोर्समध्ये जातात. तिथे ऐकलेले वर्गात उतरले का, हे पाहायला मात्र कुणी नसते. ते शेजारच्या वर्गावरचा शिक्षकच पाहू शकतो.

जोडी जमवताना

ज्याच्या हातात गोपनीय अहवाल आहे, त्याने शक्यतो या कामात पडू नये. मुख्याध्यापक कितीही मोकळ्या मनाचे असले तरी समोरचा त्यांना अडचण सांगणार नाही, सजवलेला तास दाखवेल. सजवलेला तास ओळखणे सोपे असते. प्रश्न संपायच्या आत सगळ्या वर्गाचे हात वर जातात, कारण तो पाठ कालच झालेला असतो.

जोडी एकाच इयत्तेची किंवा एका इयत्तेच्या अंतराची बरी. स्वतःचा वर्ग असलेल्या शिक्षकाने एका वेळी दोघांपेक्षा जास्त सहकारी घेऊ नयेत. वयाचा प्रश्न येतोच. चार वर्षे नोकरी झालेल्या शिक्षिकेने पंचवीस वर्षे शिकवलेल्या गुरुजींच्या वर्गात वही घेऊन बसायचे असेल, तर बोलावणे गुरुजींकडूनच यायला हवे. ते येत नसेल, तर आधी तिने त्यांना आपल्या वर्गात बोलवावे.

सुरुवातीलाच तीन गोष्टी तोंडाने सांगून टाका. नोंदींचा कागद ज्याचा तास त्याच्याकडेच राहील. त्यातले काहीही शेरेबुकात, मुख्याध्यापकांच्या लॉगबुकात किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणार नाही. आणि मधल्या सुट्टीत चहा घेताना हा विषय निघणार नाही. तिसरी अट सर्वांत जास्त मोडते, तीही चांगल्या हेतूने. 'परवा मॅडमचा तास पाहिला, काय सुंदर शिकवतात!' एवढे बोलले तरी बाकीच्यांना कळते की वर्गातले बाहेर येते.

जुलैचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर हा काळ यासाठी उत्तम. दिवाळीनंतरचे चार-पाच आठवडेही चालतात. स्नेहसंमेलनाची तयारी, शिष्यवृत्ती परीक्षेआधीचा महिना आणि संकलित मूल्यमापनाचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, दिवस सोडून द्या. त्या दिवसांत वर्ग नेहमीसारखा नसतोच.

तासाआधीची पंधरा मिनिटे

ही बैठक टाळली की पुढचे सगळे फसते. तिच्यात एकच ठरवायचे असते: नेमके काय पाहायचे. 'वर्ग कसा चालतो ते बघा' असे सांगून तास दाखवला, तर पाहणारा आपल्या आवडीचे पाहतो. कुणाला फलकलेखन दिसते, कुणाला शिस्त. त्याऐवजी मोजता किंवा शब्दशः लिहिता येईल असे काहीतरी ठरवा. प्रश्न विचारल्यावर कोणती मुले उत्तर देतात? सूचना दिल्यापासून सगळ्यांची पेन्सिल चालू व्हायला किती वेळ लागतो? गटात काम दिल्यावर प्रत्येक गटात किती जण बोलतात? असा प्रश्न शिक्षकाने स्वतः सुचवलेला असेल तर उत्तम. त्याला सुचत नसेल तर विचारा, 'गेल्या आठवड्यात कुठला तास मनासारखा झाला नाही?' उत्तरात विषय सापडतो.

याच बैठकीत मुलांच्या बसण्याचा नकाशा काढून घ्या. रांगा, बाके, मुलांची नावे. पुढचे निम्मे काम या नकाशावरच होते.

वर्गात बसून

वीस मिनिटे पुरतात. पूर्ण तास लिहायला गेलात तर शेवटच्या दहा मिनिटांच्या नोंदी निरुपयोगी निघतात, कारण हात थकतो आणि लक्ष उडते. मागच्या बाकावर बसू नका, तिथून फक्त मुलांच्या पाठी दिसतात. फळ्याच्या बाजूला, भिंतीला टेकून बसा म्हणजे चेहरे आणि वह्या दोन्ही दिसतील. मुलांनी काही विचारले तर 'आज मी तुमच्या मॅडमचा तास बघायला आलोय' एवढेच सांगा. चूक दिसली तरी दुरुस्त करायला उठायचे नाही. हे जड जाते, पण एकदा का तुम्ही मध्ये बोललात की मुले दोन शिक्षकांकडे पाहू लागतात.

पानाला तीन रकाने आखा: वेळ, शिक्षक काय म्हणाले किंवा काय केले, मुलांनी काय केले. मत लिहायचे नाही. तिसरीच्या गणिताच्या तासातल्या नोंदी साधारण अशा दिसतील:

११.१२. 'बावन्नातून सत्तावीस गेले, उरले किती? कोण सांगेल?' लगेच तीन हात. पहिल्या बाकावरची मुलगी: 'पंचवीस.' 'शाब्बास.'

११.१३. 'समजलं का सगळ्यांना?' सगळे: 'होऽऽ.'

११.१५. वहीत सोडवायला दिले: ६३ वजा २८.

११.१९. भिंतीकडच्या रांगेत आठ वह्या दिसल्या. पाच वह्यांत उत्तर ४५.

या चार ओळींत पुरेसे काम आहे. ४५ आले कसे? तीनातून आठ जात नाहीत म्हणून मुलांनी आठातून तीन काढले आणि दशकात सहातून दोन. वरचा अंक असो की खालचा, मोठ्यातून लहान वजा करायचा, असा नियम त्यांनी स्वतःच बनवला आहे. दशक सुटा करणे त्यांच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही. शिक्षिकेला ते दिसले नाही, कारण उत्तर नेहमी पहिल्या बाकावरून येते आणि 'समजलं का?' या प्रश्नाला मराठी शाळेत 'नाही' असे उत्तर सहसा येत नाही.

प्रश्नोत्तरांवर लक्ष असेल तर नकाशावर खुणा करा. शिक्षकाने विचारले तर मुलाच्या नावापुढे उभी रेघ, मुलाने उत्तर दिले तर गोल. वीस मिनिटांनी नकाशा समोर ठेवला की कुठल्या रांगेत एकही रेघ नाही ते शिक्षकालाच दिसते, सांगावे लागत नाही. प्रश्नानंतर शिक्षक किती थांबतो हेही मनातल्या मनात मोजून लिहा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ही वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. वर्गात उभे असताना तीन सेकंद फार मोठे वाटतात, त्यामुळे शिक्षकाला आपण थांबलो असेच वाटत असते. म्हणून बाहेरच्या माणसाने मोजायचे.

एकच गोष्ट निवडणे

तास आणि चर्चा यांच्यात दहा मिनिटे तरी एकट्याने बसा. वर सांगितलेल्या गणिताच्या तासात तुम्हाला आणखीही दिसलेले असेल: काड्यांचे गठ्ठे कपाटातच राहिले, फळ्यावरचे आकडे लहान होते, 'शाब्बास' दर वाक्याला आले. हे सगळे सांगायचा मोह होतो आणि तिथेच बहुतेक चर्चा बिघडतात. सात सूचना ऐकलेला शिक्षक एकही पाळत नाही. निवडताना दोन कसोट्या लावा. याने मुलांच्या शिकण्यात फरक पडेल का? आणि हे उद्याच्या तासात, नवीन साहित्याशिवाय करता येईल का? इथे निवड सोपी आहे: वहीत सोडवायला देण्याआधी सगळ्यांना समजले की नाही हे तपासायचा मार्ग.

तासानंतरची चर्चा

त्याच दिवशी, वीस-पंचवीस मिनिटे. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर नको. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात शेजारी शेजारी बसा आणि नोंदींचा कागद मध्ये ठेवा, म्हणजे दोघेही कागदाकडे पाहतात आणि बोलणे कागदावरच राहते. कागद आधी त्यांना वाचू द्या. मग विचारा, 'यात तुम्हाला काय दिसतंय?' आणि तुम्हीही थांबा.

'छान शिकवलंत, पण...' ने सुरुवात करू नका. ऐकणारा 'पण'ची वाट पाहत असतो आणि आधीचे कौतुक वाया जाते. कौतुक करायचेच असेल तर नोंदीतले करा: '११.०५ ला तुम्ही गोष्टीतून वजाबाकी मांडलीत, तेव्हा भिंतीकडची रांगही बोलत होती.' 'मी असतो तर असं केलं असतं' हेही नको. 'का' ने सुरू होणारा प्रश्न तर कारणे दाखवा नोटिशीसारखाच ऐकू येतो. 'साहित्य का नाही वापरलंत?' असे विचारले की सबबी मिळतात. 'या पाच जणांनी ४५ कसं काढलं असेल?' असे विचारले की शिक्षक मुलांच्या डोक्यात शिरून पाहतो.

मग 'हे तासातच कसं कळेल?' यावर या. उपाय शक्यतो त्यांच्याकडून येऊ द्या. आले नाहीत तर दोन-तीन समोर ठेवा आणि निवड त्यांची. सगळ्यांनी उत्तर पाटीवर लिहायचे आणि तीन म्हणताच एकदम पाट्या वर करायच्या. किंवा हात वर न घेता, नकाशात रेघ नसलेल्या दोघांना नावाने विचारायचे. किंवा चुकीचे सोडवलेले उदाहरण फळ्यावर लिहून चूक शोधायला सांगायचे.

शेवटची पाच मिनिटे सराव. शिक्षकाने उद्याचा प्रश्न तिथेच मोठ्याने विचारायचा, तीन सेकंद थांबायचे, पाट्या वर घ्यायला सांगायचे आणि निम्म्या पाट्या चुकीच्या असतील तर पुढे काय बोलायचे तेही म्हणून पाहायचे. दोन मोठ्या माणसांना रिकाम्या वर्गात असे करताना अवघडल्यासारखे होते, म्हणून बहुतेक जण हा टप्पा गाळतात. गाळला तर ठरलेली गोष्ट वर्गात उतरत नाही, कारण चाळीस मुलांसमोर सवयीचेच वाक्य तोंडात येते.

पद्धतीची चूक की विषयाची

कधी कधी चर्चेत लक्षात येते की अडचण शिकवण्याच्या पद्धतीत नाहीच. 'शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा' असे सांगणाऱ्याला तो 'एक' म्हणजे दहा, हे मुलांना दाखवून देता येत नाही. अशा वेळी प्रश्न विचारत बसणे म्हणजे दोघांचा वेळ घालवणे. दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या घ्या, एक गठ्ठा सोडा, पाच गठ्ठे आणि तेरा सुट्या झाल्या की त्यातून २८ काढून दाखवा. उरतात तीन गठ्ठे, पाच सुट्या. सरळ शिकवा, आडवळण नको.

नव्या शिक्षणसेवकालाही पहिल्या वर्षात थेट सांगितलेलेच उपयोगी पडते: परिपाठानंतर मुले दोन मिनिटांत कशी बसवायची, दोन इयत्ता एकत्र असतील तर एकीला आधी काय काम द्यायचे. त्याच्याकडे अजून अनुभवाचा साठाच नसतो, मग 'तुम्हाला काय वाटतं?' विचारून काढणार काय? अनुभवी शिक्षकाला मात्र सूचना टोचतात आणि नोंदी पटतात.

पुन्हा जाणे

आठवड्याच्या आत दहा मिनिटांसाठी परत जा आणि तेच मोजा. भिंतीकडच्या रांगेत आता किती पाट्या बरोबर? फरक दिसला तर आणखी दोन आठवडे तेच चालू ठेवा, दुसरी गोष्ट लगेच घेऊ नका. दिसला नाही तर गोष्ट आणखी लहान करा: रोज फक्त एका प्रश्नाला पाट्या. दोन फेऱ्यांनंतरही काही हलत नसेल, तर तुम्ही निवडलेला मुद्दा त्या शिक्षकाला मनातून पटलेला नाही. तो सोडा आणि त्यांनाच नवा विचारा.

द्विशिक्षकी शाळेत एक जण तास पाहायला गेला तर त्याचा वर्ग उघडा पडतो. तिथे मोबाइल खिडकीत किंवा कपाटावर टेकवून वीस मिनिटांचे चित्रीकरण करा आणि शाळा सुटल्यावर दोघांनी मिळून पाहा. चित्रीकरण शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलवरच असावे. त्यात मुले दिसतात, म्हणून ते कुणालाही पाठवायचे नाही आणि चर्चा झाली की पुसून टाकायचे.

एक फेरी पूर्ण झाली की जागा बदला. तोच तीन रकान्यांचा कागद घेऊन त्यांनी तुमच्या वर्गात बसायचे, आणि काय पाहायचे ते तुम्ही ठरवून द्यायचे. तेव्हा हातखंडा असलेला पाठ निवडू नका. जो घटक तुम्हाला दरवर्षी जड जातो, तोच दाखवा.