महाराष्ट्र राज्य लॉटरी: नियम कोणते, देखरेख कोणाची आणि तपासायचे कसे

लॉटरीचे तिकीट हातात आले की बक्षीस किती हे नंतर बघावे. आधी सोडत कोणत्या सरकारची आहे ते बघावे. राज्य सरकारची नसलेली किंवा सरकारची परवानगी नसलेली लॉटरी काढण्यासाठी कार्यालय थाटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गल्लीतल्या मंडळाची ‘लकी ड्रॉ’ची कुपनेही यातून आपोआप सुटत नाहीत, हे अनेक कार्यकर्त्यांना पोलीस आल्यावर कळते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जुगार हा विषय राज्यांकडे आहे, पण सरकारी लॉटरी केंद्राच्या सूचीत ४० व्या नोंदीत आहे. म्हणून लॉटरी राज्य चालवते आणि कायदा संसदेचा असतो: लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ आणि त्याखालचे २०१० चे नियम. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ पासून सुरू आहे. ती वित्त विभागाच्या अखत्यारीत असून तिचे कार्यालय नवी मुंबईत वाशीला आहे. गोव्यात हे काम अल्पबचत व लॉटरी संचालनालय पाहते.

सोडतीआधी राजपत्र वाचा

कोणतीही योजना सुरू करताना राज्याला तिचा तपशील राजपत्रात द्यावा लागतो. त्यात लॉटरीचे नाव, तिकिटाची किंमत, छापलेल्या तिकिटांची संख्या व एकूण मूल्य, वितरकांची नावे व पत्ते, बक्षिसांची रचना, सोडतीचे ठिकाण आणि पद्धत असते. यातून एक सोपा हिशेब निघतो. बक्षिसांच्या एकूण रकमेला तिकिटांच्या एकूण मूल्याने भागा आणि शंभराने गुणा, म्हणजे शंभर रुपयांतले किती रुपये बक्षीस म्हणून परत येणार ते कळते. पहिल्या बक्षिसाचा मोठा आकडा हे सांगत नाही. खालच्या शेकडो छोट्या बक्षिसांची बेरीज सांगते.

नंतर १९९८ च्या कायद्यातले कलम ४ समोर ठेवा. आधीच जाहीर केलेल्या क्रमांकावर किंवा नुसत्या एका अंकावर बक्षीस देता येत नाही. तिकिटावर राज्याचे नाव व बोधचिन्ह हवे. सोडत राज्याने स्वतः आणि राज्याच्या हद्दीतच काढायची. एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत, आणि वर्षात बंपर सोडती सहापेक्षा जास्त नाहीत. २०१० च्या नियमांनुसार एका राज्याच्या सगळ्या योजना मिळून दिवसाला २४ पेक्षा जास्त सोडती होऊ शकत नाहीत. एकाच राज्याच्या नावाने दर १५ मिनिटांनी ‘निकाल’ लावणाऱ्या दुकानात ही मर्यादा सहा तासांत संपते. तरीही फळ्यावर आकडे पडतच राहिले, तर तो लॉटरीच्या नावाखाली चाललेला मटका आहे असे समजून पोलिसांत तक्रार द्या. कायद्याविरुद्ध लॉटरी चालवल्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

खरी गडबड कुठे होते

सोडतीचे यंत्र सगळ्यांना दिसते. ते यांत्रिक पद्धतीने चालणारे आणि पाहणाऱ्यांना उघड दिसणारे असावे, असा नियमच आहे. तिकिटे सरकारी छापखान्यात, किंवा रिझर्व्ह बँकेच्या वा बँक संघटनेच्या यादीतल्या सुरक्षित छापखान्यात छापावी लागतात. पण सर्वात नाजूक जागा म्हणजे न विकलेली तिकिटे. वितरकाने ती हिशेब आणि भरलेल्या पैशांच्या चलनांसह राज्याला परत करायची असतात. ती वेळेवर परत आली नाहीत, तर निकाल लागल्यावर पडून असलेले तिकीट ‘विकले होते’ असे दाखवणे शक्य होते. म्हणून देखरेख करणाऱ्याने आधी सोडतीची वेळ आणि परतीच्या नोंदीची वेळ या दोन वेळा जुळवून पाहाव्यात.

माहिती अधिकारात हे विचारता येते. अर्जाला १० रुपये शुल्क लागते, उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्यावरून अडचण येऊ शकते. ‘लॉटरीत घोटाळा आहे का’ असे विचारू नका. अमुक तारखेच्या सोडतीसाठी किती तिकिटे छापली, किती विकली, किती परत आली, परतीची नोंद किती वाजता झाली आणि किती बक्षिसे दावा न झाल्याने सरकारजमा झाली, एवढेच मागा.

पैशांचा माग अर्थसंकल्पात सापडतो. जमेच्या बाजूला मुख्य लेखाशीर्ष (म्हणजे हिशेबाच्या खात्याचा क्रमांक) ००७५, खर्चाच्या बाजूला २०७५. दोन्हींत गौण शीर्ष १०३ म्हणजे राज्य लॉटरी. फक्त जमेची बाजू पाहून सरकारची कमाई ठरवू नका, खर्च वजा करा. या हिशेबाची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि त्यांचा अहवाल विधिमंडळासमोर येतो.

स्टॉलवर परराज्यांचीही तिकिटे दिसतात. स्वतः लॉटरी चालवणारे राज्य इतर राज्यांची लॉटरी बंद करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली स्पष्ट केले आहे. अशा तिकिटाचा दावा वाशीत चालत नाही. तो त्या राज्याकडेच करावा लागतो.

बक्षीस लागल्यावर

अधिकृत निकालात क्रमांकासोबत सिरीजही जुळवा. क्रमांक बरोबर आणि सिरीज वेगळी असल्यामुळे हिरमोड होणारे पुष्कळ असतात. तिकिटाच्या मागे लगेच नाव, पत्ता लिहून सही करा आणि दोन्ही बाजूंची छायाप्रत ठेवा. लॅमिनेशन करू नका, समाजमाध्यमांवर फोटो टाकू नका. दावा करण्याची मुदत तिकिटाच्या मागे छापलेली असते. ती राज्यागणिक बदलते (केरळात ३० दिवस), आणि ती उलटली की रक्कम सरकारची होते.

१०,००० रुपयांपेक्षा मोठे बक्षीस सरकारच देते. त्यासाठी मूळ तिकीट, पॅन, आधार आणि बँक खात्याचा तपशील लागतो. ‘मी आणून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती मूळ तिकीट देऊ नका. वर्गणी काढून तिकीट घेतले असेल, तर कोणाचा किती वाटा ते सोडतीआधीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

७ लाखांच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर म्हणजे २,१०,००० रुपये आधीच कापले जातात, हाती ४,९०,००० येतात. विवरणपत्र भरताना ४ टक्के उपकराचे ८,४०० वेगळे भरावे लागतात. तिकिटांवर केलेला खर्च यातून वजा होत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून तिकिटावर ४० टक्के जीएसटी आहे; करासह १०० रुपयांच्या तिकिटात तो २८ रुपये ५७ पैसे भरतो.

बक्षीस मिळवण्यासाठी आधी ‘प्रक्रिया शुल्क’ भरा असे कोणी म्हणाले, तर ती फसवणूक आहे. राज्य लॉटरी कर कापून उरलेली रक्कम देते, आधी पैसे मागत नाही. परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून पैसे पाठवायलाच परकीय चलनाच्या नियमांनी बंदी आहे. पैसे गेले असतील तर तासाभराचाही वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची शक्यता राहते.