इन्कोनेल ७१८ वर लेझर क्लॅडिंग: आधी जॉब पुसा, मग लेझर

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) क्लॅडिंगचा, म्हणजे लेझरने पावडर वितळवून जॉबवर धातूचा थर चढवण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न हाच, लेझर किती किलोवॅटचा? अरे पण इन्कोनेल ७१८ सारख्या निकलच्या अलॉयला (मिश्रधातूला) तडे जातात ते बहुतेक वेळा घाणीने आणि साठलेल्या उष्णतेने, पॉवरचं नंतर बघू.

घाण म्हणजे कटिंग ऑइल, ग्रीस, मार्करची शाई. यातलं गंधक निकलशी मिळालं की साधारण ६४० डिग्रीलाच वितळणारं मिश्रण होतं, ते ग्रेनच्या (धातूच्या बारीक कणांच्या) सीमांमधे शिरतं आणि जॉब गार होताना तिथूनच उकलतो. म्हणून नवीन चाकाने हलकं ग्राइंडिंग करा (स्टीलवर वापरलेलं चाक नकोच), मग अ‍ॅसिटोनने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, ओल्या अ‍ॅसिटोनवर लेझर मारला तर आग लागेल.

पावडर गोल दाण्याची, ५० ते १५० मायक्रॉनची घ्या. बडोद्याच्या पावसाळ्यात ती ओलावा धरते आणि नोझलमधून अडखळत येते, तेव्हा ओव्हनमधे १०० डिग्रीला दोन-तीन तास ठेवाच.

सुरुवातीला ३ मिमी स्पॉट, दीड किलोवॅट, मिनिटाला ६०० मिमी स्पीड, मिनिटाला १० ग्रॅम पावडर आणि हवेपासून बचावाला आर्गॉन वायू. शेजारचा पास निम्मा आधीच्यावर चढवा. हे आधी भंगार तुकड्यावर, तो कापून बघा, मूळ धातू जास्त मिसळला असेल तर पॉवर उतरवा. दोन पासच्या मधे जॉब दीडशे डिग्रीच्या खाली येऊ द्या, इथे घाई करणाऱ्याला माझ्याकडून सहानुभूती नाही. उष्णता साठली की गार व्हायला वेळ लागतो, अलॉयमधलं नायोबियम एका जागी गोळा होतं, लाव्हेस नावाचा ठिसूळ फेज (धातूतला वेगळा घटक) वाढतो, आणि ९८० डिग्रीच्या सोल्युशन ट्रीटमेंटने (असे घटक विरघळवण्यासाठी भट्टीत तापवण्याने) तो नीट विरघळत नाही. नंतरचं एजिंग (मजबुती आणण्यासाठी भट्टीत ठेवणं) नेहमीचं, ७२० ला आठ तास, मग हळूहळू ६२० ला आणून आठ तास.

कोणी इन्कोनेल ७३८ चं ब्लेड आणलं तर मात्र हे सेटिंग लावू नका. त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम दोन्ही साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ते पटकन कडक होतं आणि ताण सोसत नाही. ७१८ त्यामानाने गरीब गाय.

चष्मा तुमच्या लेझरच्या तरंगलांबीसाठीचाच हवा, फायबर लेझर असेल तर १०७० नॅनोमीटरचा, वेल्डिंगची काच चालत नाही. निकलची धूळ फुफ्फुसाला वाईट, कॅन्सरही होऊ शकतो, तेव्हा मास्क आणि धूळ ओढणारा पंखा दोन्ही पाहिजेत. डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून तडे शोधणं) एजिंगच्या आधी करा आणि नंतरही, कारण काही तडे भट्टीतच उघडतात.