रोजगार धोरण अभ्यासताय? आधी पैसा कुणाचा ते बघा

या विषयात नवीन आलेला प्रत्येक जण आधी कायदा वाचायला घेतो. वाचावाच. पण कायदा संसदेत होतो, बेरोजगार माणूस जातो तो स्थानिक कार्यालयात, आणि मधल्या पायऱ्या उतरताना सुधारणेचं रूप बरंच पालटतं. 'बहुस्तरीय शासन' हा भारदस्त शब्द या पायऱ्यांसाठीच आहे.

मी सुरुवात जर्मनीपासून करायला सांगतो. दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांचा भत्ता आणि सामाजिक मदत एकत्र करणारी 'हार्ट्झ ४' सुधारणा १ जानेवारी २००५ ला लागू झाली. बहुतेक जॉबसेंटर (बेरोजगारांना भत्ता आणि काम मिळवून देणारी कार्यालयं) संघीय, म्हणजे केंद्राची, रोजगार संस्था आणि स्थानिक प्रशासन मिळून चालवू लागले. ६९ ठिकाणी मात्र स्थानिक प्रशासनाने सगळा कारभार स्वतःकडे घेतला. संयुक्त केंद्रात शेजारी बसणाऱ्या दोघांचं काम तेच, पण मालक वेगळे आणि पगारश्रेणीही वेगळी. डिसेंबर २००७ मध्ये घटना न्यायालयाने ही सरमिसळ घटनाबाह्य ठरवली. मग २०१० मध्ये घटनेतच नवं कलम घालून ती वाचवली गेली! (राजकारण्यांना ही व्यवस्था मोडण्यापेक्षा घटनादुरुस्ती सोपी वाटली, यातच बरंच काही आलं.)

खरी मेख पैशात आहे. मूळ भत्ता संघ (केंद्र) सरकारचा. घरभाडं आणि हीटिंग स्थानिक प्रशासनाकडे, त्यातला काही वाटा संघ भरून देतो. आता एखाद्याला अर्धवेळ काम लागलं, तर त्याची कमाई आधी मूळ भत्त्यातून वजा होते, त्यानंतर काही उरली तर भाड्यातून. म्हणजे छोट्या नोकरीने वाचणारा पैसा आधी संघाचा वाचतो. अशा नोकऱ्यांसाठी स्थानिक अधिकाऱ्याने जिवाचं रान का करावं?

अभ्यासासाठी अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेताना 'समन्वय कसा आहे?' असं विचारलंत तर 'उत्तम' एवढंच पदरात पडतं. त्याऐवजी 'याला काम लागलं तर कुणाचा खर्च वाचतो?' असं विचारा. माझा अनुभव असा की समोरचा खुर्ची पुढे ओढतो आणि बोलायला लागतो.

डेन्मार्कमध्ये २००७ साली २७१ नगरपालिकांच्या ९८ झाल्या आणि २००९ पासून जॉबसेंटर पूर्णपणे त्यांच्याकडे गेले. याला सरसकट विकेंद्रीकरण म्हणू नका. २०१६ पासून नगरपालिकांच्या भत्त्यावरच्या खर्चाची केंद्र सरकारकडून भरपाई माणूस भत्त्यावर आल्यापासून पहिल्या ४ आठवड्यांत ८० टक्के असते, मग ४०, ३० असं करत वर्षभरानंतर २० टक्क्यांवर येते. हुकूम न सोडताही लगाम वरच राहतो.

नेदरलँड्सने २००४ मध्ये नगरपालिकांना भत्त्यासाठी ठरावीक रक्कम दिली: उरली तर तुमची, कमी पडली तर तुम्ही भरा. भत्ता घेणारे घटले की तिजोरी खूश. तिथली आकडेवारी वाचताना भत्ता सुटलेल्या माणसाला खरंच काम लागलं, की त्याला दारातूनच परत पाठवलं, हे वेगळं काढा.

प्रबंधासाठी दोन देश घेण्याचा मोह होईल. त्यापेक्षा जर्मनीच्या एकाच राज्यातली शेजारशेजारची दोन केंद्रं घ्या, एक संयुक्त आणि एक निव्वळ स्थानिक. राज्य तेच, कायदा तोच, त्यामुळे फरक दिसला तर निदान त्या दोन कारणांवर ढकलता येत नाही.