आधी तेलाचा डबा, मग अजिंक्यतारा

सकाळी साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागणारी माणसे साताऱ्यात कमी नाहीत. पावसाळ्याचे चार-सहा दिवस सोडले तर नेम न चुकवणाऱ्या या मंडळींपैकी अनेकांचे पोट मात्र वर्षानुवर्षे जिथल्या तिथे असते, आणि असे का होते याचे कोडे त्यांना स्वतःलाही सुटत नाही. मीही त्यांतलाच एक होतो. मला उत्तर सापडले ते घरात स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा आणल्यावर. त्यामुळे या लेखात व्यायामापेक्षा परात, पळी आणि तेलाचा डबा यांचा उल्लेख जास्त आला तर नवल वाटू देऊ नये.

प्रथम चढणीचा हिशेब मांडू. (बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरे तर किलोकॅलरी असते, इथेही कॅलरी हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.) किल्ला पायथ्यापासून साधारण ३०० मीटर उंच आहे. ७५ किलोचे शरीर तेवढ्या उंचीवर नेण्याचे निव्वळ काम सुमारे ५३ कॅलरींचे असते. परंतु आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा किंवा पाचवा हिस्सा कामात उतरवतात आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून प्रत्यक्षात दोनशे ते अडीचशे कॅलरी खर्च होतात. सपाटीवरचे चालणे आणि उतरणे धरले तर पूर्ण फेरी तीनशे ते चारशेच्या घरात जाते. आता खाली उतरल्यावर ‘आज चढलोच आहोत’ म्हणून मागवलेल्या मिसळीचा ताट मांडू: पन्नास ग्रॅम फरसाणाच्या पावणेतीनशे, दोन पावांच्या सव्वादोनशे, उसळीच्या शंभर आणि तर्रीतून पोटात गेलेल्या पंधरा ग्रॅम तेलाच्या एकशे पस्तीस. बेरीज सातशेच्या पुढे जाते, आणि चहा अजून यायचा असतो.

शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरींचा साठा असतो. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन ७० किलोचा धावपटू पूर्ण करतो, तेव्हा त्याच्या पंधराशे ते सतराशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे २१ किलोमीटर घाटात धावून चरबीचा हिशेब दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमचा. व्यायाम निरुपयोगी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही, त्याचे काम काय ते पुढे येईलच. वजन उतरवताना मोठी तूट (म्हणजे खर्चापेक्षा जितके कमी खाल्ले तो फरक) ताटातून काढावी लागते आणि चालण्याने तिला हातभार लागतो, एवढा क्रम मात्र आधी पक्का करावा.

आपली गरज किती, हे काढणे

शरीर नुसते पडून असले तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांच्यासाठी ऊर्जा लागते, आणि बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा हाच असतो. त्याचा अंदाज बांधण्यासाठी १९९० साली मांडलेले एक सूत्र आजही सर्रास वापरले जाते. किलोमधील वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून त्यात मिळवावे, वयाची पाचपट वजा करावी. नंतर पुरुषांनी ५ मिळवावेत आणि स्त्रियांनी १६१ वजा करावेत. बेचाळीस वर्षांची, १५८ सेंटिमीटर उंचीची आणि ७२ किलो वजनाची स्त्री घेतली तर उत्तर सुमारे १,३३६ येते. तिचे काम बैठे असेल तर त्याला १.४ ने गुणावे, म्हणजे दिवसाचा खर्च १,८७० च्या आसपास निघतो. हा अंदाज आहे, शंभर-दोनशेने इकडे तिकडे होणारच. तरी सुरुवातीला तो पुरतो.

या आकड्यातून चारशे-पाचशे कॅलरी कमी कराव्यात, त्याहून अधिक नको. साडेचारशेची तूट रोज खरोखर पडली तर सतरा दिवसांत एक किलो, असा कागदावरचा हिशेब येतो. घाई म्हणून हजार-अकराशे कॅलरींवर दिवस काढणाऱ्यांची चरबीबरोबर स्नायूही झिजतात, चिडचिड वाढते आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे सोडून दिले जाते. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी, कारण तसे न केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी असे प्रयोग स्वतःच्या मनाने करू नयेत.

मुळात वजन उतरवण्याची गरज आहे का, हेही पाहावे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यावर येणारा आकडा भारतीयांच्या बाबतीत २३ च्या पुढे गेला तर वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला तर लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे ही त्याहून सोपी खूण आहे, आणि तिला शिंप्याची टेप पुरते.

ताटात नेमके काय दडलेले असते

‘मी तर काहीच खात नाही’ हे वाक्य आपण सगळेच प्रामाणिकपणे म्हणतो. १९९२ साली अमेरिकेत अशाच तक्रारी असलेल्या लठ्ठ व्यक्तींचे खाणे आणि ऊर्जेचा खर्च शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला, तेव्हा त्या आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगत असल्याचे दिसले. त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च मात्र इतरांसारखाच होता. खोटे बोलण्याचा हेतू त्यात असतोच असे नाही, जिभेवरून गेलेले मनात राहत नाही इतकेच. म्हणून पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त मोजावे आणि लिहावे.

मोजणीची सुरुवात तेलापासून करावी, कारण एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात, तर एक ग्रॅम पिष्ट पदार्थात किंवा प्रथिनात चार. आमच्या घरी पाच लिटरचा डबा चार माणसांत बरोबर महिनाभर पुरत असे आणि यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नसे. पाच लिटर तेलाचे वजन साधारण साडेचार किलो भरते. चौघांत आणि तीस दिवसांत ते वाटले तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. तळणीचे थोडे तेल टाकून दिले जाते हे धरले तरी आकडा फारसा खाली येत नाही. हेच तेल महिन्याला तीन लिटरवर आणले की माणशी रोज १३५ कॅलरी वाचतात, आणि तेवढ्यानेच महिन्यात चार हजारांच्या वर तूट पडते. त्यासाठी कोणाला उपाशी राहावे लागत नाही. एका संध्याकाळी फोडणीची कढई काट्यावर ठेवून आईने नेहमीच्या सवयीने पळीतून तेल सोडले; तिच्या लेखी ते ‘जरासं’ होते आणि काट्यावर ४२ ग्रॅम आले. तिने काट्यात बिघाड असल्याचे जाहीर केले. आता डब्यातून थेट ओतणे बंद आहे, चमच्याने मोजूनच तेल पडते, आणि डबा फोडला की त्यावर तारीख लिहिली जाते.

यानंतर शेंगदाण्याच्या कुटाकडे वळावे. आपल्याकडे भाजी, आमटी, कोशिंबीर, ठेचा असा जवळजवळ प्रत्येक पदार्थ कुटाशिवाय अडतो, आणि कुटात प्रथिने आहेत म्हणून तो सढळ हाताने घालावा असा समज आहे. प्रथिने आहेत हे खरेच. पण वीस ग्रॅम कुटात जेमतेम पाच ग्रॅम प्रथिने आणि एकशे दहा कॅलरी असतात, आणि त्यांतील बहुतांश तेलाच्या असतात. कूट बंद करण्याचे कारण नाही. एका जेवणात एकाच पदार्थात घालावा.

ज्वारीची भाकरी निर्दोष असल्याचे आपण गृहीत धरतो. साठ ग्रॅम पिठाची भाकरी दोनशे कॅलरींची होते, परंतु गावाकडच्या हाताची परातभर भाकरी नव्वद ग्रॅम पिठाची सहज निघते आणि ती तीनशेची असते. अशा तीन भाकरी आणि अर्धी ‘कुस्करायला’, असे जेवण झाले की ज्वारी बिचारी काय करणार? पीठ मळण्यापूर्वीच तोलावे, कारण उंड्यात पाण्याचे वजन येते.

चहाचे गणित लोक हसण्यावारी नेतात. पन्नास मिलिलिटर म्हशीचे दूध आणि दोन चमचे साखर असलेला एक कप नव्वद कॅलरींचा होतो, आणि घरचे दोन, कचेरीतला एक, पोवई नाक्यावर कोणी भेटले म्हणून एक, असे चार झाले की साडेतीनशे. सध्या जागोजागी ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या दिसतात. गुळात साखरेपेक्षा कॅलरी किंचितच कमी असतात, त्यामुळे वजनाच्या दृष्टीने त्या पाटीला अर्थ नाही. कंदी पेढ्याबद्दल लिहिले नाही तर सातारकर म्हणवणार नाही: एक पेढा ऐंशी-नव्वद कॅलरींचा असतो, तो एक खावा, पाव किलोचा बॉक्स मांडीवर घेऊन बसू नये.

उपवासाने वजन उतरते ही समजूत तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या पूर्वजांनीच मोडीत काढली आहे. साठ ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि बटाट्याच्या चार फोडी इतक्या साध्या खिचडीच्या पावणेपाचशे कॅलरी होतात, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट असल्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक लागते.

कमी करायचे ते सांगून झाले. पोट कशाने भरायचे हा खरा प्रश्न. प्रथिने, तंतू आणि पाणी ज्यात जास्त ते अन्न कमी कॅलरींत अधिक वेळ टिकते. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, पातळ ताक, उकडलेली अंडी, खोबरे-तेल आवरून केलेला कोंबडीचा रस्सा, आणि ताटाचा निम्मा भाग व्यापणारी मेथी, दोडका, गवार, काकडी, मुळा यांसारखी भाजी. शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ग्रॅमपासून सव्वा ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळतील असे पाहावे. वजन उतरताना स्नायू टिकतात ते याच्यामुळे आणि ताकदीच्या व्यायामामुळे. पुड्यातले तयार खाणे शक्यतो घरात आणूच नये. २०१९ साली अमेरिकेत वीस जणांवर झालेल्या एका प्रयोगात साधे ताजे आणि कारखान्यात बनलेले असे दोन्ही प्रकारचे जेवण पाळीपाळीने हवे तेवढे खाण्याची मुभा होती, तरी कारखान्यात बनलेल्या खाण्याच्या पंधरवड्यात तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती.

मग व्यायाम कशासाठी

कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, आणि तालमीची परंपरा या भागात अजून जिवंत आहे. कॅलरींचा समतोल समजून घ्यायचा असेल तर एखाद्या जुन्या मल्लाकडे पाहावे. जोर, बैठका आणि लढतींत रोजचा घाम गाळणाऱ्याला दूध, तूप, बदाम, थंडाई असा खुराक पचतो, कारण खर्चच तेवढा असतो. पुढे नोकरी किंवा संसारामुळे तालीम सुटते, खुराक मात्र तसाच राहतो, आणि पाच वर्षांत छाती पोटावर उतरते. माणूस तोच, अन्न तेच, एक बाजू फक्त बदललेली असते.

आठवड्याला किमान १५० मिनिटे, जमल्यास ३०० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने चालावे, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. जिमची वर्गणी परवडत नसेल तर बैठका, भिंतीला हात लावून सुरू केलेले जोर आणि पाण्याने भरलेली कळशी उचलणे पुरेसे आहे. व्यायामाने रक्तातील साखर आटोक्यात येते, झोप सुधारते, स्नायू टिकतात आणि उतरलेले वजन टिकवायला मदत होते. गुडघे दुखत असतील तर किल्ल्याची उतरण टाळून सपाटीवर चालावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: मनगटावरच्या घड्याळाने ‘४५० कॅलरी खर्च’ दाखवले म्हणून तेवढे खाण्याची मुभा मिळाली असे समजू नये, कारण त्या आकड्यात बसून झाला असता तो खर्चही बहुधा मिसळलेला असतो.

काट्यावरचा आकडा वाचणे

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून गावभर सांगू नये. शरीर पिष्टाचा साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खाणे कमी झाले की हा साठा आणि पाणी दोन्ही आधी जाते. याउलट जत्रेतले खारट मटण खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेले दिसते, तीही चरबी नसते. रोज सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून लिहावे आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. स्त्रियांनी मासिक पाळीमुळे साठणारे पाणी लक्षात घेऊन एका महिन्याची तुलना दुसऱ्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी.

तीन-चार महिन्यांनी उतार मंदावतो. सात किलोने हलके झालेले शरीर चालवायला कमी ऊर्जा लागते, शिवाय कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्ट धरतो. म्हणून दर पाच किलोंनंतर सूत्रात नवे वजन घालून गरज पुन्हा काढावी. सरासरी तीन आठवडे हललीच नाही तर ताटातली भाकरी कमी करण्याआधी तेलाचा डबा पाहावा, कारण चमचा बाजूला ठेवून पळी परत कधी आली हे घरात कोणाच्याच ध्यानात येत नाही. आमच्याकडे गणपतीत नेमके हेच झाले होते, आणि डब्यावरची तारीख पाहिली तेव्हा तो अठ्ठावीस दिवसांतच तळाला गेलेला होता.